चीजचा गड आणि पडद्यामागची म्हातारी

खोली १ : बोलिंगच्या मागची

अमेरिकेतल्या शेबॉयगनमध्ये बोलिंगच्या हॉलमागे एक खोली आहे. भिंतीपलीकडे लाकडी पिना आडव्या झाल्या की टेबलावरचे फासे किंचित थरथरतात आणि नवा माणूस दचकतो. जुनी माणसं म्हणतात, गडाचा बुरूज ढासळला, आणि पुढे खेळतात. नऊ वर्षं दर शनिवारी दुपारी इथे ऑर्विल टेस्केचा राखेचा गड उभा राहत होता आणि सहाला मोडत होता, कारण सहाला बायकांच्या संघाला खोली लागते.

गड सगळा कागदावर. एक जण सूत्रधार. समोर काय दिसतं ते तो सांगतो. बाकीचे आपापलं पात्र घेऊन बसतात आणि आपण काय करतो ते सांगतात. बोलून जे ठरत नाही ते वीस पैलूंचा फासा ठरवतो. सूत्रधार आपला फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो, तो आकडा इतरांनी बघायचा नाही. राक्षसाचा वार होताना त्या आडोशामागे वीस पडले, की पात्र मेलं. कोरा कागद घ्या, नवीन नाव शोधा.

ऑर्विलच्या टेबलावर नऊ वर्षांत कोणाला कोरा कागद लागला नव्हता. गड भयाण होता. त्यात उपाशी सावल्या होत्या, विहिरीतून हाका यायच्या. वार व्हायचा, डाव्या कोपराजवळ ठेवलेल्या पत्र्याच्या झाकणात फासा खडखडायचा, ऑर्विल चष्म्यावरून खाली बघायचा आणि तीस वर्षं दुधाचा ट्रक चालवून घोगरा झालेल्या आवाजात म्हणायचा, "थोडक्यात वाचलास."

फक्त सूत्रधारासाठी. मोठ्याने वाचू नये.

ऑर्विलच्या पाठीमागे बोलिंगच्या ढालींचं काचेचं कपाट होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या खुर्चीतून, आणि फक्त तिथूनच, त्या काचेत पत्र्याचं झाकण दिसायचं. त्या खुर्चीत कोरिन मॅटेक बसायची. ती दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची आणि शनिवारी तिरंदाज असायची. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, वडिलांना पुरून आल्यावर दहाच दिवसांनी, ती खेळायला आली होती. विहिरीतल्या सावलीने तिच्या तिरंदाजाचा गळा धरला. फासा पडला. काचेत आकडा उलटा दिसत होता, पण वीस उलटे पडले तरी कळतात.

"थोडक्यात वाचलीस, पोरी," ऑर्विल म्हणाला होता.

त्यानंतर ती काचेकडे बघायची थांबली नाही. शेजारी बसणाऱ्या ड्वेनचा बुटका योद्धा तिच्या हिशेबाने चारदा मेला होता. ती कोणाला काही बोलली नाही. ऑर्विललाही नाही.

खोली २ : चीजची

गावोगावच्या खेळणाऱ्यांसाठी निघणाऱ्या पत्रकात, ऑक्टोबर ८८च्या अंकात, चार पानं रिकामी राहत होती. पत्रक काढायची टेबलावरचीच मार्लिस; ती वाचनालयात कामाला होती आणि रिकामं पान तिला उघड्या नळासारखं सलायचं. तिने कोरिनला म्हटलं, काहीतरी दे. कोरिनने दोन संध्याकाळी बसून राखेच्या गडाची थट्टेखोर नक्कल लिहून दिली. खेळायला घेता येईल असा पूर्ण खेळ, नकाशासकट, नाव ‘चीजचा गड’.

त्यात दरवाजा जुन्या चेडर चीजचा होता आणि अदबीने बोलल्याशिवाय उघडत नव्हता. सांगाड्यांची कामगार संघटना होती. तासाला एक हल्ला, मध्ये जेवणाची सुट्टी. उपाशी सावल्यांनी वजन कमी करायला घेतलं होतं. आणि तळघरात ही :

मोठ्याने वाचा : पडद्यामागे एक म्हातारी बसली आहे. तुमच्यातलं कोणी मरायला टेकलं की ती हाडं फेकते. हाडांवर काहीही पडो, ती म्हणते, "थोडक्यात वाचलास." पडदा ओढलात तर दिसेल की हाडं कोरी आहेत.

मार्लिसने सगळं वाचलं, एकदाही हसली नाही, आणि छापलं. छापणं हे तिचं काम होतं.

मतांचा तक्ता. कोणाचं मत हवं असेल तर सहा पैलूंचा फासा टाका.

१ किंवा २ : असला खेळ आजवर झाला नाही. फॉन डू लॅक गावच्या एका टेबलाने सांगाड्यांच्या बाजूने संप केला आणि गडात शिरायलाच नकार दिला. अजून दोन खेळ पाठवा.

३ : थट्टा एकदा वाचायला ठीक. पण त्यावर चार तास कोण बसणार? पहिल्या अर्ध्या तासात हसून झालं, मग नुसतं चीज उरलं.

४ : मार्लिस, संपादकीयात. माणसं या गडात नऊ वर्षं भीत आली. भीती ही कमवावी लागते. आता विहिरीतून हाक आली की कोणीतरी विचारणार, ती जेवली का.

५ : ड्वेन, फोनवरून, मध्येमध्ये हसण्यासाठी थांबून. सगळ्यात भारी ती म्हातारी. का ते सांगता येत नाही.

६ : ऑर्विलचं मत. ते आलं नाही. पुन्हा टाका.

खोली ३ : रिकामी

नक्कल छापून आली त्या शनिवारी ऑर्विल आला नाही. गुडघा, असा निरोप. पुढच्या शनिवारीही गुडघा. तिसऱ्या शनिवारी निरोपही नाही. आडोसा आणि झाकण टेबलावर तसंच होतं; गेल्या खेपेला तो ते न्यायला विसरला असेल, असं ड्वेन म्हणाला. नऊ वर्षांत तो ते कधी विसरला नव्हता.

टेबलावर दोन तट पडले होतेच, आता त्यांना खायला विषय मिळाला. मार्लिस म्हणाली, बघा, माणसाच्या आयुष्याच्या कामाचं चीज करून टाकलं, तेही खायचं. ड्वेनने तिला सांगितलं की तिला दात असूनही हसता येत नाही, तर दवाखान्यात कोरिनला दाखवून घे. मार्लिसने उत्तर दिलं की तिचे दात शाबूत आहेत, त्याच्या बुटक्या योद्ध्यासारखे. बाहेरच्या तळलेल्या चीजच्या गोळ्या मागवल्या होत्या. त्या मध्ये ठेवून दोघं तावातावाने बोलत राहिले आणि गोळ्या ड्वेनने संपवल्या.

 घरी जाऊन कोरिनने नक्कल पुन्हा वाचली, यावेळी ऑर्विलच्या डोळ्यांनी. दरवाजा ठीक. सांगाडे ठीक, तो स्वतः संघटनेत होता, उलट हसला असता. मग तळघर आलं.

ती म्हातारी लिहिताना तिला वाटलं होतं, हे लाडाने लिहिलंय. आता वाचताना कळलं की आपण काय केलंय. इतर सगळे चीजवर भांडत होते. पण ऑर्विलला एका ओळीत समजलं असणार की कोणालातरी माहीत आहे. की नऊ वर्षं ज्याने सगळ्यांना भीती आणि जीव दोन्ही पुरवलं, त्याचे फासे खोटे आहेत हे आता छापून निघालंय. त्या अब्रूवरच सूत्रधार टेबलाच्या टोकाला बसतो.

तिने फोन केला. त्याची बायको अडेल म्हणाली, तो गॅरेजमध्ये आहे. काय करतोय? काही नाही, बसलाय.

कोरिनने अडेलकडे निरोप ठेवला : येत्या शनिवारी हरणांच्या शिकारीमुळे टेबलावर कोणी नाही. मी चीजचा गड चालवणार आहे. मला खेळणारा कमी पडतोय.

ऑर्विल नाही आला तर राखेचा गड संपला, आणि तो तिने संपवला, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं.

खोली ४ : उलट्या बाजूची

नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात अर्धं शेबॉयगन शिकाऱ्यांचा नारिंगी कोट घालून जंगलात असतं. टेबलावर ड्वेन होता, कारण त्याची पाठ धरली होती, आणि मार्लिस होती, कारण तिला हे कसं फसतंय ते बघायचं होतं. कोरिन सूत्रधाराच्या जागी बसली. आडोसा समोर, झाकण डाव्या कोपराजवळ.

दोन वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. ऑर्विल लंगडत आला, नारिंगी कोटातच. गुडघा खरा होता तर. त्याने सगळ्यांना मान हलवून नमस्कार केला, टेबलाभोवती बघितलं आणि दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीत बसला. कोरिनच्या.

"एक कोरा कागद दे," तो म्हणाला. "मला पात्र नाहीये."

ते मात्र सगळ्यांना नवीन होतं. नऊ वर्षांत त्याला कोणी खेळताना पाहिलं नव्हतं. त्याने सावकाश अक्षरात लिहिलं : हर्बर्ट, माजी दूधवाला, हातात दहा फुटांचा बांबू.

मग खेळ सुरू झाला, आणि ऑर्विल हसला नाही. चेडरच्या दरवाज्यासमोर त्याने हर्बर्टला गुडघ्यावर बसवलं. दाराखालून उजेड येतो का, विचारलं. चीज किती वर्षं मुरलेलं आहे, कोणत्या गोठ्यातलं, कडेने ओल सुटली आहे का. कोरिनने यातलं काहीच लिहिलं नव्हतं. तिला सगळं जागच्या जागी रचावं लागलं. खेळणाऱ्यांना फुटकळ गोष्ट नीट वर्णन करून सांगितली की ते तिलाच धरून बसतात, हे ती नऊ वर्षं स्वतः करत आली होती. चाळीस मिनिटं दरवाजा. ऑर्विलने बांबूने ठोकून सांगितलं की आत पोकळी आहे, आणि आता कोरिनला ती पोकळी रचावीच लागली. मार्लिसने नकळत वही उघडून नकाशा काढायला घेतला. सांगाड्यांच्या सुट्टीत तिने त्यांच्या पुढाऱ्याशी इतकं कडक बोलणं केलं, की ड्वेन म्हणाला, बाई, आमच्या कारखान्यात या. मार्लिसला हसू आलं. ते तिने खोकल्यात घालवलं.

कोरिनने पहिला फासा झाकणात टाकला तेव्हा ऑर्विलने वर बघितलं. तिच्याकडे नाही, तिच्या खांद्यावरून मागे. तो बराच वेळ ढालींच्या कपाटाकडे बघत राहिला. मग खाली आपल्या खुर्चीकडे बघितलं, जणू ती त्याने आज पहिल्यांदा पाहिली.



तळघर आलं. तिने मोठ्याने वाचायचा मजकूर वाचला, तो भराभर वाचून टाकला. पडदा ओढायला ड्वेन टपलेलाच होता. ऑर्विलने त्याचा हात धरला.

"हर्बर्ट पडदा ओढत नाही. बाहेरूनच विचारतो. म्हातारे, किती वर्षं बसलीयेस इथे?"

हे लिहिलेलं नव्हतं. कोरिन म्हणाली, "नऊ."

"दमली असशील."

"दमले."

"आणि हाडं कोरी आहेत ते कोणाला माहीत होतं?"

पलीकडे कोणाच्यातरी सगळ्या पिना एकदम पडल्या. ड्वेन आणि मार्लिस वाट बघत होते. त्यांच्या लेखी हा खेळच होता.

"एकीला," कोरिन म्हणाली. "ती एकदा मेली होती, तेव्हापासून. तिनं म्हातारीचे आभार मानायला हवे होते. तिला ते कसं बोलायचं ते कळलं नाही, म्हणून तिनं थट्टा केली."

ऑर्विलने बांबूचं टोक टेबलावर टेकवल्यासारखं बोट टेकवलं. "थट्टा बरी होती का?"

"निम्म्यांना आवडली."

"मग वाईट नाही," तो म्हणाला. "माझा किल्ला पहिल्या वर्षी तिघांनाच आवडला होता. हर्बर्ट म्हातारीला सांगतो, तू जरा बाहेर जाऊन पाय मोकळे कर. मी बसतो."

त्याने हर्बर्टला पडद्याशी पोचवलं तोच चीजचा राक्षस आला. तो त्या खोलीत येणार हे आधीच ठरलेलं होतं. तिनेच ठरवलं होतं. वार हर्बर्टवर. कोरिनने फासा टाकला. तो झाकणात दोनदा फिरला आणि थांबला.

वीस.

खरं बोलायची संधी यापेक्षा चांगली मिळाली नसती. आडोसा बाजूला सारायचा, आकडा दाखवायचा. मार्लिस वर्षानुवर्षं हेच मागत होती, उघड्यावरचे फासे. आणि खुर्चीत बसलेल्याला तर काचेत तो दिसतच होता. कोरिनने वर बघितलं. ऑर्विल तिच्या खांद्यावरून काचेत बघत होता. समोर त्याचा कागद होता, सावकाश अक्षरातला, दोन तासांपूर्वीचा. ‘माजी दूधवाला’ या शब्दांखाली त्याने मधल्या वेळात एक छोटा ट्रक काढला होता.

"थोडक्यात वाचलात," ती म्हणाली.

ऑर्विलने श्वास सोडला. "नशीब," तो म्हणाला, आणि मग हसला. आधी खांदे हलले, मग पोट, मग गुडघ्याला कळ आली तरी तो थांबेना. ड्वेनला वाटलं तो राक्षसाला हसतोय, म्हणून तोही हसला. मार्लिसने नाक पुसलं आणि म्हणाली की सूत्रधाराने फाशांशी लबाडी केली नसेल अशी तिची आशा आहे.

"छे," ऑर्विल म्हणाला. "या टेबलावर?"

खोली ५ : पत्रक, डिसेंबर

‘संपादकांस. ‘चीजचा गड’ खेळलो. दुसऱ्या मजल्यावरचा जिना नकाशात भिंतीत जातो, तो लेखिकेने दुरुस्त करावा. चेडर एवढ्या ओलीत टिकणार नाही, मी तीस वर्षं दूध वाहिलं आहे, माझं ऐका. सावल्यांचा विनोद दोनदा आला आहे, एकदा पुरे. सांगाडे उत्तम. म्हातारीची खोली मला आधी आवडली नव्हती. ती त्या खोलीत बसून खेळावी लागते. फाशांबद्दल तक्रार नाही. ऑ. टेस्के.’

त्याखाली मार्लिसने संपादकाची टीप घातली : आमचं मत बदललेलं नाही. मात्र दरवाज्याचा प्रसंग चांगला होता.

त्या शनिवारी राखेचा गड पुन्हा उभा राहिला. शिकारीवरून परतलेले सगळे आले, दाटीवाटीने बसले. त्यातल्या निम्म्यांना चीजच्या गडावर बोलायचं होतं आणि निम्म्यांना त्याचं नावही नको होतं. कोरिन आपल्या खुर्चीत. ऑर्विल आडोशामागे जाऊन उभा राहिला, झाकण नीट लावलं. मग कोट काढला, नारिंगी, डोळ्यांत खुपणारा, आणि ढालींच्या कपाटाच्या दोन्ही मुठींवर ताणून असा अडकवला की काच पूर्ण झाकली गेली.

"इथे गरम होतंय," तो कोणाकडेही न बघता म्हणाला.

विहिरीतून हाक आली. ती जेवली का, असं कोणी विचारलं नाही. सावली वर आली आणि तिरंदाजाच्या गळ्याकडे गेली. झाकणात फासा खडखडला, दोनदा फिरला, थांबला. कोरिनने सवयीने त्याच्या मागे काचेकडे बघितलं. तिथे फक्त नारिंगी कापड होतं. ऑर्विलने चष्म्यावरून खाली पाहिलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच कोरिनला तो काय म्हणेल याची खरोखर भीती वाटली.