बर्फवाल्या सुताराने बांधलेलं कुत्रीचं घर

अहो, पाय काढा आधी! मी पायरी नाही. ट्रकच्या हौद्यात, केबिनला पाठ लावून बसलेली मी पेटी बोलतेय, आणि माझ्या आत ठमी झोपली आहे.

ठमी ही ड्रायव्हरची कुत्री. वय झालंय, पण आवाज अजून खणखणीत. ती मालावर असली की ड्रायव्हर निर्धास्त जेवायला जातो. आणि तिची जागा कुठे? उघड्या हौद्यात! केबिनमध्ये कुत्रं नको, ही ट्रकमालकाची सक्त ताकीद. या गृहस्थांच्या स्वतःच्या गाडीत मात्र मांजर मागच्या सीटवर उशीला टेकून हिंडतं. वर म्हणतात, "कुत्र्यांना थंडी वाजत नाही." कुणाला विचारलंत हो?

गेल्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या घाटात बर्फाळ वाऱ्यानं ठमीच्या कानाचं टोक गारठून झडलं. तेव्हा ड्रायव्हरच्या बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "पुढच्या थंडीआधी तिची सोय करा. नाहीतर ती माझ्या बहिणीकडे जाईल. कायमची!"

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. त्याच्याशिवाय ठमी पाण्यालाही तोंड लावत नाही.

म्हणून मी जन्माला आले, त्याच्या सासऱ्यांच्या हातून. सासरे सुतार. त्यांची उभी हयात मासळीबाजारासाठी बर्फाच्या पेट्या बनवण्यात गेलेली.

"मामा, जरा ऐसपैस करा ना. पाय पसरेल बिचारी," ड्रायव्हर म्हणाला.

"जावईबापू, तिला आत नाचायचंय का? जेवढी जागा, तेवढी तिनंच तापवायची. शेगडीही तीच आहे!"

ठमीला उभं करून, गोल फिरवून, मुटकुळं करायला लावून माप घेतलं गेलं. प्लायवूडच्या दोन भिंती, मध्ये थर्माकोल, तळाला ठोकळे, आत पेंढा. दाराला रबराची पट्टी. उरलेल्या फटींत सासऱ्यांनी लुकण ठासून भरलं आणि मिशीवरून हात फिरवला. "मुंगीसुद्धा शिरायची नाही." मीही फुगून बसले.

थंडी पडली. ठमीला आत बसवून आम्ही जवळचीच एक फेरी करून आलो. दार उघडलं, तशी ठमी धापा टाकत बाहेर पडली. अंग चिंब! तिच्याच श्वासाची वाफ माझ्या भिंतींवर साचून टपटपत होती, पेंढ्याचा चिखल झाला होता. ओल्या अंगानं ती आधीपेक्षा जास्त कुडकुडत होती. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

"बाबा, हे काय बांधलंत?" लेक कडाडली. "बर्फाला श्वास घ्यावा लागत नाही. हिला लागतो!"

"माझ्या पेटीतून आजवर कधी हवा गेली नाही."

"तेच तर म्हणतेय मी!"

सासऱ्यांनी गिरमिट उचललं. इतक्या निगुतीनं बुजवलेल्या अंगाला भोकं पाडायची! त्यांचा हात दोनदा मागे आला. पण पाडली, छपराखाली, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. वर फळीची छोटी झडप तिरपी ठोकली. नवा, कोरडा पेंढा घातला.

पण ठमी आत जाईना. ड्रायव्हरनं पाव दाखवला, लाडीगोडी लावली, हात जोडले. ती ढिम्म. बायकोनं बहिणीला फोन लावायला घेतला.

"थांब गं," सासरे म्हणाले. "आत काय खटकतंय ते मीच बघतो." आणि ते माझ्यात शिरले. निम्मे आत, पाय बाहेर.

"मामा, अडकलात का?"

"अडकलो नाही, तपासतोय! हवा झकास येतेय हो!"

ठमीनं हे पाहिलं. नको असलेल्या जागेवर दुसरा कुणी पसरला की ती हवीशी वाटते, ही खोड माणसांचीच नाही. ती गुरगुरली, त्यांच्या कुशीतून घुसली, गोल फिरली आणि त्यांच्या तोंडावर बूड टेकवून बसली.

"अगं बये, माझा चष्मा!"

बायको हसता हसता टायरला टेकली. फोन खिशात गेला. "असू दे," ती नवऱ्याला म्हणाली. "घेऊन जा तुमच्याबरोबर."

आता माझा रंग खरवडलाय, बिजागरी कुरकुरते. बाहेर बर्फ भुरभुरतं आणि माझ्या आत ऊब असते, एका म्हाताऱ्या कुत्रीच्या अंगाची. तुमच्याही गाडीमागे कुणी कुडकुडत असेल, तर "त्याला सवय आहे" म्हणू नका. एकदा स्वतः हौद्यात बसून घाट चढून या, मग वाद घालू. चला, गाडी सुरू झाली. हळू बोला, ठमी घोरतेय.