डोळा असलेला हिरा

मी डाय बनवतो. म्हणजे पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने उलटी नक्षी कोरतो. त्यात सोन्याचा पातळ पत्रा ठेवून वरून दाब दिला की पानं, फुलं, मोर, कोयऱ्या उठून येतात आणि त्यांचे दागिने होतात. डहाणूत हे काम करणारे पुष्कळ आहेत, पण माझ्याइतकं सरळ काम कुणाचं नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. डावी पाकळी उजवीपेक्षा केसभर मोठी झाली तर मी अख्खा ठोकळा घासून पुन्हा पहिल्यापासून कोरायचो.

आई म्हणायची, "नयन, तुला बायको पण फुटपट्टी लावूनच बघायला लागंल."

बायको मात्र मलाच फुटपट्टी लावणारी मिळाली.

ही २०१७ सालची गोष्ट. रुपल झाई गावची. तिचे वडील नारूकाका स्वतःच्या बोटीवर समुद्रात जाणारे, पण ती बारावीनंतर वापीकडच्या एका हिऱ्याच्या कारखान्यात लागली होती. यंत्राने कापून आलेले हिरे भिंगाखाली धरायचे आणि खोट काढायची, हे तिचं काम. दिवसाला दोन-तीनशे हिरे. बघण्याच्या कार्यक्रमात मी पोह्यांची बशी धरली तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी हाताकडे बघितलं. माझ्या डाव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून वाकडी आहे.

"हे काय झालं?" तिने विचारलं.

"हातोडी बसली. शिकत होतो तेव्हा."

"हं," ती म्हणाली. त्या 'हं'वर मी तीन रात्री नीट झोपलो नाही. कारण मला ती आवडली होती. सरळ सांगतो, पोहे संपायच्या आत आवडली होती.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. हो म्हणाली. मी मोबाईलवरच दोनदा थँक्यू म्हणालो, मग स्वतःचीच लाज वाटली.

"पण एक हाय," ती म्हणाली. "साखरपुड्याच्या अंगठीत मला हिरा पाहिजे."

अंगठीसाठी मी चाळीस हजार बाजूला ठेवले होते, तेही सोन्यासकट.

"बारका चालेल. पण नवा नको. दिवसभर तेच बघते मी. सगळे लेझरवर कापलेले, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. मला जुन्या कटाचा पाहिजे. पूर्वीच्या माणसाने हाताने कापलेला. आणि ऐक, साखरपुड्यात मी भिंग घेऊन येणार. पास झाला तरच बोट पुढे करीन."

ती हसली म्हणून मीही हसलो. पण त्याच आठवड्यात कळलं, की आधीच्या दोन स्थळांना तिने असंच हसत हसत घरी पाठवलं होतं. एकाने पगार वाढवून सांगितला होता आणि दुसऱ्याने वय कमी करून. खोट काढायचा पगार घेणारी मुलगी ती. तिच्यासमोर नकली काही धरलं तर मांडवात, चारचौघांत, बोट मागे घ्यायला तिला कसलाच संकोच वाटला नसता.

डहाणूतली दुकानं दोन दिवसांत पालथी घातली. "जुना? जुना कोण मागतं, दादा?" सगळ्यांचं एकच उत्तर. शेवटी एकाने सांगितलं, तलासरीला फुलचंदशेठकडे जा, ते जुन्या दागिन्यांची मोड घेतात, त्यांच्याकडे असला तर असेल.

फुलचंदशेठ साठीचे, पांढरा सदरा, गळ्यात भिंगाची दोरी. तिजोरीतून त्यांनी कागदाची एक पिवळी पडलेली पुडी काढली. घोलवडकडच्या कुठल्याशा वाडीवाल्या घरातलं कानातली एकच कुडी मोडीत आली होती, जोडीतली दुसरी हरवलेली. त्यातला हा हिरा. दोन वर्षं पुडीत पडून होता.

मी खिशातून माझं भिंग काढलं. त्याच्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. हिरा भिंगाखाली धरला आणि मला शिसारीच आली. गोल म्हणावा तर गोल नाही, एका बाजूने पोट सुटलेलं. पैलू एक मोठा, त्याच्याशेजारचा छोटा. आणि वरून बघितलं तर बरोबर मध्ये एक बारीक वर्तुळ, भोक पडल्यासारखं.

"शेठ, हा वाकडा आहे."

"जूनो माल छे, भाई. एवोज होय," शेठ म्हणाले.

"आणि हे भोक?"

"भोक नथी. खालची अणी थोडी सपाट कापेली छे, ती वरून दिसते. जुने कारीगर तसंच कापत होते. टेस्टर लावून बघा." त्यांनी पेनासारखं यंत्र हिऱ्याला टेकवलं, ते टुंइं वाजलं. हिरा अस्सल होता.

पण मी कुणाचं ऐकणारा? चाळीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला मी दहा मिनिटं समजावलं की काम कसं सरळ असावं. शेठनी शांतपणे दुसरी पुडी सोडली. "मग हा घ्या. सुरतचा आहे. कट जुन्यासारखा, पण माल नवो. मी खोटं नाही बोलणार." तो भिंगाखाली धरला आणि माझा जीव भांड्यात पडला. काय तो सरळपणा! प्रत्येक पैलू शेजारच्याला चिकटून उभा, सगळे सारखे. ढंग तर जुनाच होता. रुपलला कोण सांगायला जातंय, मी मनात म्हटलं. बत्तीस हजार ठरले. पाचशे रुपये हातावर टेकवून मी म्हणालो, बाकीचे बाजाराच्या दिवशी देतो.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगीच नाही.

बाजाराचा दिवस निवडला कारण त्या दिवशी आई तलासरीत असते. माझी आई पुतळी पहाटे बंदरावर ओली मासळी उचलते, अर्धी डहाणूत विकते, अर्धी चिरून वाळवते, आणि आठवड्याला सुकट-बोंबलाची टोपली घेऊन तलासरीच्या बाजारात बसते. येताना तिला मोटरसायकलवर घेऊन यायचं, तेवढ्यात शेठकडे जायचं, असा माझा हिशेब. तिला दुकानात न्यायचा अजिबात विचार नव्हता.

"सुनेची अंगठी आणि मी बाहेर उभी राहू?" आई म्हणाली आणि माझ्याआधी पायरी चढली. टोपली तिने काचेच्या काउंटरवर ठेवली.

फुलचंदशेठ जैन. टोपलीत शिल्लक राहिलेली दोन शेर सुकट. त्यांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली.

"बेन, टोपली नीचे मूको ने," ते नाकाला रुमाल लावून म्हणाले.

"ठेवते ना, शेठ. आधी हिरा तर दाखवा."

मी ऐटीत माझा सरळ हिरा पुढे केला. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली तो फुलबाजीसारखा तडतडत होता. आई म्हणाली, "या दिव्याखाली नको. दिव्याखाली शिळा पापलेट पण नवरदेव दिसतो. बाजारात सगळे पिवळा बल्ब उगाच नाय लावत." तिने विचारलं, "हा एकच हाय?"

"एक वाकडा पण आहे," मी म्हणालो. "तो नको बघूस."

आईला नको म्हटलं की संपलंच. शेठनी पिवळी पुडीही सोडली, दोन वर्षं पडून आहे म्हणाले. आई दोन्ही हिरे तळहातावर घेऊन दुकानाच्या पायरीवर छपराखाली जाऊन उभी राहिली. शेठ तिच्या मागे, शेठच्या मागे मी. बाजार उठत आला होता, ऊन उतरलेलं. सरळ हिरा तिथे पण तसाच तडतडत राहिला. आईचा हात जरा हलला तसा वाकड्याने आधी एक मोठा तांबडा तुकडा पेटवला, मग निळा, मग विझून गेला आणि परत पेटला. मी भिंगातून त्याला दहा मिनिटं बघितलं होतं, पण हे दिसलं नव्हतं.

"याला डोळा हाय," आई म्हणाली.

"ती खोट आहे, आई. खालचं टोक कापलंय."

"खोट काय? मासा डोळ्यावरूनच घेतात. या दुसऱ्याला बघ, नुसता चमकतो, कुठनं आपल्याकडे बघतोय ते कळत नाय." मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "पोरीने काय सांगितलेलं तुला?"

"जुना. हाताने कापलेला."

"मग? मी आज पंचवीस वर्षं बोंबील चिरते. हातानं. दोन बोंबील सारखे चिरलेले बघितलेस कधी माझ्या वळईवर?"

वळईवर, म्हणजे वाळवणाच्या आडव्या बांबूंवर, टांगलेले आईचे बोंबील मला लहानपणापासून ओळखता येतात. शेजारच्या नवशीमावशीचे वेगळे, आईचे वेगळे. आई जरा तिरकी सुरी धरते. तिच्या हातावर तो हिरा पेटत-विझत होता, आणि मी, वाकडा म्हणून त्याला नाकारून, लेझरचा हिरा नेमका त्या मुलीच्या भिंगाखाली धरायला निघालो होतो, जी रोज तेच बघून कंटाळली होती. दोन सेकंदात तिने ओळखलं असतं.

"शेठ, हा डोळेवाला कितीला?" आईने विचारलं.

"चौतीस, बेन."

"दोन वरस पुडीत पडलाय म्हणालात. दोन वरस पडलेला माल मी असते तर वर टोपली पण दिली असती." ती परत आत गेली आणि टोपली काउंटरवर आणखी जरा आत सरकवली. "सव्वीस. आणि वर ही सुकट तुम्हाला."

"अरे बेन, अमे जैन!" शेठनी दोन्ही हात जोडले.

"मग सुकट नको तर भाव तरी धरा."

एकोणतीसवर सौदा ठरला. माझे पाचशे त्यातच वळते झाले. टोपली खाली उतरली तेव्हा शेठ हसले, आणि मला हळूच म्हणाले, "भाई, तमारी बा ने दुकान पर बेसाडो." आईलाच दुकानावर बसव म्हणत होते. सोनाराने कान टोचावेत तसे कोळणीने टोचले होते, आणि मला ते दुखलंही नाही.

उरलेल्या पैशांत डहाणूच्या सोनाराकडून साधी अंगठी करून घेतली. हिरा बसवायची वेळ आली तेव्हा सोनार म्हणाला, माझं कोंदण गोल, तुझा दगड पोट सुटलेला, हलणार हा. म्हणून कोंदण मी स्वतः घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाकडं कोरायला बसलो. तीन संध्याकाळी गेल्या. हात सवयीने सरळ जायचा, मी त्याला परत तिरका वळवायचा. तिसऱ्या दिवशी छिन्नी घसरली आणि एक नख, हिऱ्याला धरणारं ते बारीक टोक, बाकीच्यांपेक्षा किंचित आडवं झालं. एरवी मी सगळं मोडून परत केलं असतं. पण हिरा त्यात असा गच्च बसला की काढवेना.

साखरपुडा झाईला, नारूकाकांच्या अंगणात. समोर बोटी वाळूवर, मांडवाला नारळाच्या झावळ्या, शंभरएक माणसं. रुपल हिरव्या साडीत आली, पाटावर बसली, आणि मी डबी उघडताच कंबरेच्या बटव्यातून खरंच भिंग काढलं.

मांडवात खसखस पिकली. नारूकाका ओरडले, "रुपल, अगं कारखान्यात हायस का?" तिने ऐकलं नाही. अंगठी डोळ्याजवळ नेली. हसणं हळूहळू थांबलं, कारण ती बघतच राहिली होती.

"इथे," ती अखेर म्हणाली, अगदी हळू, मला ऐकू येईल एवढंच, "इथे कापणाऱ्याचा हात घसरलाय. एक पैलू जास्त पडलाय, तो लपवायला शेजारी अजून एक केलाय." तिने भिंग खाली केलं तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. "सहा वर्षांत चार-पाच लाख हिरे बघितले असतील मी. आत माणूस आज पहिल्यांदा भेटला."

मग तिने अंगठी फिरवली. "आणि हे नख? हे तर जुनं नाय. हे कुणाचं काम?"

लपवता आलं असतं. सोनारावर ढकलता आलं असतं. "माझं," मी म्हणालो. "माझी छिन्नी घसरली. आणि खरं सांगू, हा हिरा मी आधी नाकारला होता. वाकडा म्हणून. आईने घेतला."

पुढच्या रांगेतून आई म्हणाली, "डोळा बघून घेतला!"

रुपल माझ्याकडे बघत होती. मग तिने अंगठी माझ्या हातात परत दिली. क्षणभर मला वाटलं, संपलं. पण तिने माझा डावा हात धरला, त्या वाकड्या बोटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "मी पण त्या दिवशी हे बोट बघून नाय म्हणणार होते. मग तू सरळ सांगितलंस, हातोडी बसली."

आणि तिने आपलं बोट पुढे केलं.