चावलेला खजूर

ताहेराने मोरचुदाचा निळा खडा वाटीतल्या पाण्यात बुडवला आणि ओठाकडे नेला, तोच भिमाबाईने तिचे मनगट धरले.

“काय करतेस, बये? पोटात गेलं तर?”

“शेजारीण म्हणाली, याने फोड जळून जातात.”

“फोडबी जळतील नि तूबी.” भिमाबाईने खडा अंगणापलीकडे भिरकावला. काझीपुऱ्यातली निम्मी पोरे या सुइणीच्या हातावर जन्मली होती. कुणाच्याही घरात तिचा आवाज चढलेलाच असे.

ताहेराला नववा लागला होता. दोन दिवस अंगात कणकण होती आणि आज खालच्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेले फोड उठले होते. लोक त्याला ‘जर उठला’ म्हणत आणि आठवडाभरात विसरून जात. ताहेराला ते जमत नव्हते. दीड वर्षापूर्वी तिचा पहिला मुलगा अकराव्या दिवशी गेला होता. आधी त्याच्या टाळूवर असेच बारीक फोड आले, मग त्याने दूध सोडले, मग अंग तापले. गल्लीने नजर लागली म्हटले.

“मावशी, हे पोटात उतरेल का?”

भिमाबाईने तिची हनुवटी उजेडाकडे वळवली.

“पहिल्यांदाच उठलंय?”

“नाही. लहानपणापासून. ताप आला की येतं.”

“मग घाबरू नको. असल्या ओठाच्या लय बाया सोडवल्यात मी, पोरं ठणठणीत हायेत. तूप लाव. खरवडू नको. हात लागला की धू, पाण्याचा पेला येगळा ठेव.” तिने ताहेराच्या पोटावर हात ठेवला. “भेव पोटातल्या लेकराला नाय, बाहेर आल्यावर हाय. ज्याच्या ओठावर हे फुटलंय, त्यानं तान्ह्याचा मुका घ्यायचा नाय, उष्टं द्यायचं नाय. खपली पडून नवी कातडी येईस्तोवर. दोनदा लेकरू गेलेलं बघितलंय मी. तिसऱ्यांदा बघायचं नाय मला.”

“त्या वेळी तर माझा ओठ साफ होता,” ताहेरा पुटपुटली.

भिमाबाईने तुपाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

खपली नवव्या दिवशी पडली. तरी ताहेरा रोज सकाळी आरसा दाराशी नेऊन ओठ पाही, आणि पाहून झाल्यावरही आरसा खाली ठेवीत नसे.

तीन आठवड्यांनी, उन्हे अंगणात आली तेव्हा मुलगी झाली. ताहेराने तिची टाळू बोटांनी चाचपली. साफ होती.

सासरे शफीमियां आत आले. ते मण्यार होते. साऱ्या पेठेतल्या बायकांना बांगड्या भरताना त्यांच्या हातून कधी कुणाला ओरखडा उठला नव्हता. तीन दिवस हिवतापाने पडून, पोस्टात पुडीने मिळणारी कोयनेल खाऊन ते आजच उठले होते. त्यांनी नातीच्या कानात अजान दिली. मग रीतीप्रमाणे खजूर तोंडात घालून सावकाश चावू लागले. वडीलधाऱ्याने चावून मऊ केलेला खजूर बाळाच्या तोंडात, वर टाळ्याला लावायचा, म्हणजे त्याचे गुण बाळात उतरतात.

ते वाकले. पांढऱ्या मिशीखाली, ओठाच्या कडेला, दोन फोड चकाकत होते.

लग्नापासून ताहेराने सासऱ्यांसमोर मान वर केली नव्हती. तिने बाळाच्या तोंडावर तळवा ठेवला.

“अब्बा, नको.”

“ताहेरा!” दारातून तिचा नवरा लियाकत ओरडला. “अब्बांना नको म्हणतेस?”

“वरडू नको रे,” भिमाबाई म्हणाली. “बापाचा ओठ बघ आधी.”

“अब्बा, तुमच्या ओठावर जर उठलाय.” ताहेराचा तळवा हलला नाही. “तो बाळाला लागला तर... मावशीने दोनदा पाहिलंय तसं.”

शफीमियांनी ओठाला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. चावलेला खजूर त्यांनी रुमालात काढला. मग लियाकतला खिडकीपाशी ओढून त्याचे दोन्ही ओठ नीट निरखले.

“चूळ भर,” ते म्हणाले. “आणि तू चाव.”

मुलीने खजुराचा गोडवा चाखून ओठ मुडपले. लियाकत हसत बाहेर गेला. भिमाबाई तिला आंघोळ घालायला घेऊन गेली. शफीमियां तेवढे उंबऱ्याशी उभे राहिले.

“बेटी, त्या खेपेला... मुलाच्या वेळी... मला ताप आला होता ना?”

ताहेराला सारे आठवत होते. बाळंतपणाच्या आदल्या दिवशी तिनेच त्यांना बिनतिखटाची खिचडी करून दिली होती. ओठाला झोंबते म्हणून त्यांनीच मागितली होती. आणि दुसऱ्या दिवशी मुलाला खजूरही त्यांनीच चावून दिला होता.

“आठवत नाही, अब्बा.”

त्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले, मान हलवली आणि ते हात धुवायला रांजणाकडे गेले. पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

त्यांच्या ओठाची खपली आठव्या दिवशी पडली. ताहेराने बाळ त्यांच्यापुढे धरले. “अब्बा, आता घ्या ना.”

“उद्या घेतो,” ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

चाळिसावा दिवस उलटला, तरी ते रोज तेच म्हणत होते.