सोनेरी गोंड्याची टोपी

मी टोपी बोलतेय. लाल मखमलीची, सोनेरी गोंड्याची. नाक मुरडून बोलतेय म्हणून रागावू नका. ज्या वासात माझी वर्षं गेली, तो तुमच्या नाकात गेला असता तर तुम्हीही असंच बोलला असता.

माझा जन्म वेल्समधला. तिकडे देशाकडून रग्बी खेळणाऱ्या गड्याला मानाची टोपी देतात. पेनरी नावाचा आरमारातला तरणाबांड अधिकारी चिखलात लोळून खेळला आणि त्याने मला मिळवलं. महायुद्धात तो मला पत्र्याच्या डब्यात घालून बोटीवर घेऊन गेला. शेजारची बोट बुडाली तेव्हा याने स्वतः पाण्यात उडी घेऊन बुडणारे खलाशी ओढून काढले. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

१९५६ साली आरमार सोडून तो कतारला आला, उम्म सईदच्या तेलाच्या बंदरावर बोटी धक्क्याला लावायला. इथे त्याचं पोट सुटलं आणि जीभही सुटली. दर शुक्रवारी पाहुणे, दारू आणि तीच एक गोष्ट, आपण चेंडू घेऊन कसे धावलो! पहिल्या वर्षी तो अर्धं मैदान धावला होता, पुढे पुढे अख्खं धावू लागला. पाहुणे जांभया देऊ लागले की तो मला आपल्या लाळगळ्या कुत्र्याच्या डोक्यावर चढवी. शी! ती लाळ, तो बियरचा आंबट वास, आणि वर तो हशा!

मला पुसायचा एकटा जहूर, दाभोळचा, साहेबाचा खानसामा. रग्बी कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याचे वडील ईदला लाल, गोंड्याची तुर्की टोपी घालीत. मीही तसलीच, असं तो धरून चालला.

"तोबा! डोक्याची चीज कुत्र्याला घालतत! ह्या लोकांना काय म्हणायचा!" असं पुटपुटत तो मला पुसून कपाटावर ठेवी. चूकच होती त्याची, पण माझी इतकी कदर माझ्या मालकानेही केली नाही.

१९६१च्या एका शुक्रवारी जहूरने हिय्या केला. पाहुण्यांसमोरच म्हणाला, "साहब, ये इज्जत की टोपी है. कुत्ते को मत पहनाव."

साहेबाचा चेहरा माझ्याहून लाल झाला. पाहुणे गेल्यावर कुत्र्याने मला ओढत नेलं आणि आपल्या गोणपाटाखाली दडपलं.

सकाळी मी जागेवर नव्हते. "तुझाच डोळा होता तिच्यावर!" असं साहेब जहूरवर ओरडला. त्याची ट्रंक अंगणात उपडी केली. लुंग्या निघाल्या, बायकोला, जैतूनला, घेतलेली अत्तराची बाटली निघाली. टोपी निघाली नाही. तरी "यल्ला, खलास! चल, चालता हो!" म्हणत साहेबाने त्याला चोर ठरवून दोह्याला धाडलं, मुंबईची बोट पकडायला. मी तिथेच, कुत्र्याच्या पोटाखाली. मला तोंड असतं तर!

काही दिवसांनी वास सहन होईना, म्हणून साहेबाने गोणपाट उचललं. मी दिसले. जहूरची बोट अजून सुटायची होती. मला वाटलं, आता माणूस धावत जाईल. साहेबाने इकडेतिकडे पाहिलं, मला खिशात कोंबलं आणि खणात टाकून कुलूप लावलं. पाण्यात उडी घेणारा तो हाच का?

अजून मी खणातच आहे. गोंडा कुत्र्याने खाल्ला, मखमलीला कसर लागली. बाहेर तो नव्या पाहुण्यांना सांगत असतो, माझी टोपी खानसाम्याने चोरली. पाहुणे चुकचुकतात.

तुमच्यापैकी कुणी दाभोळला जाणार असेल, तर मला सोडवायच्या भानगडीत पडू नका. फक्त जैतूनच्या दारात उभे राहा आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगा: टोपी कुत्र्याखाली होती, आणि साहेबाला ते माहीत होतं.