वर असलेल्या माणसाला सांगत नाहीत

बायको पंचफुला गेली त्या सकाळी बळीराम जमिनीपासून नव्वद फूट वर, एका गर्डरला बोल्ट लावत होता.

भिलाईत तेव्हा नव्या भट्टीचा सांगाडा उभा राहत होता. बळीराम खलाशी होता, म्हणजे क्रेननं वर आलेलं लोखंड जागेवर बसवणाऱ्या टोळीतला. साडेदहाला शाळेचा माणूस सायकल मारत साइटवर आला आणि फोरमन भैयालालच्या कानात काहीतरी बोलला. भैयालालनं वर पाहिलं. गर्डर अर्धा बसला होता, अर्धा लटकत होता. भैयालालनं ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं.

खलाशांचा नियमच होता तो. वर असलेल्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. पूर्वी एकाला त्याचा मुलगा गेल्याचं खालून ओरडून सांगितलं होतं, आणि त्या घरातून एकाच दिवशी दोन मयती निघाल्या. तेव्हापासून माणूस उतरेल, त्याचे पाय मातीला टेकतील, तो पाणी पिईल, मगच तोंड उघडायचं.

बळीराम बारा वाजेपर्यंत वर होता. खाली माणसं जमली होती आणि सगळी मान वर करून बघत होती. त्याला वाटलं, आपलं काम बघतायत. बरं वाटलं त्याला. तो वरून ओरडला, "काय पाहून राहिले बे? सर्कस लागली का?"

कोणी हसलं नाही.

खाली उतरल्यावर कवडूनं त्याच्या हातात पाण्याचा लोटा दिला. कवडू त्याच्याच गावचा, साकोलीकडचा. दोघं एकाच दिवशी, एकाच गाडीनं भिलाईला आले होते. पाणी पिऊन झाल्यावर कवडूनं त्याचा दंड घट्ट धरला, तेव्हा बळीराम समजला.

पुढं कित्येक दिवस त्याला तो दीड तास डाचत राहिला. खाली दीड तास सगळ्यांना माहीत होतं, आणि हा वरून थट्टा करत होता.

ही जानेवारीतली गोष्ट.

पंचफुला मजुरांच्या कॅम्पाशेजारच्या सिस्टर लोकांच्या शाळेत आया म्हणून कामाला होती. शाळा ती केवढी! चार खोल्या, वर टिनाचं छप्पर, पहिली ते चौथी. दाराशी रुळाचा एक तुकडा टांगलेला, त्यावर लोखंडी दांडा मारला की घंटा. ती घंटा पंचफुला वाजवायची. मुलांची नाकं पुसायची, माठ भरायची, पहिलीतलं एखादं पोर रडत बसलं की त्याला कडेवर घेऊन वर्गात फिरायची. तिची मुलगी रुक्मा त्याच शाळेत चौथीत होती. पोटात दुखतं म्हणून पंचफुला दिवाळीपासून ओवा चावायची. बळीरामनं विचारलं की म्हणायची, "वायगोळा हाय, दुसरं काई नाई." त्यानंही तेच मानलं. त्या सकाळी तिला दवाखान्यात नेलं तेही शाळेतूनच, आणि दोन तासांत ती गेली. सगळं इतकं अचानक झालं, असं बळीराम समजून होता.

आता त्याच्या अंगठ्याचं सांगायला पाहिजे.

बौद्ध झाल्यावर कॅम्पातल्या मंडळींनी ठराव केला होता की आपल्यात आता कोणी अंगठा उठवायचा नाही. दर वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला मंडळाची वही उघडायची आणि हजर असलेल्यानं सही करायची. पहिल्या वर्षी अर्धी वही अंगठ्यांची होती. मग एकेकानं शिकून घेतलं. शेवटी वहीत एकच अंगठा उरला, बळीरामचा. कवडू त्याच्यासमोर त्याचं नाव लिहायचा आणि म्हणायचा, "हे पाय, असं दिसते तुयं नाव. चांगलं पाऊन घे, रस्त्यात भेटलं तर रामराम तरी करशील." सगळे हसायचे. बळीरामही हसायचा, पण घरी आल्यावर जेवायचा नाही. एकदा पंचफुलानं रुक्माची पाटी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उचलून चुलीमागं टाकली. "दहा टनाचं लोखंड उचलतो मी. ह्या पेन्शिलीनं मले काय शिकवतं?" त्यानंतर त्या घरात पाटीचा विषय निघाला नाही.

एप्रिलच्या शेवटी शाळेचा वर्षअखेरचा कार्यक्रम झाला. सकाळी आठलाच ठेवला होता, उन्हाच्या आत. पटांगणात सतरंज्या, पुढं दोन टेबलं जोडून केलेलं स्टेज, त्यावर पांढरी चादर आणि मरियमची छोटी मूर्ती, तिच्यापुढं चाफ्याची फुलं. बळीराम रात्रपाळी करून तसाच आला होता. शेजारची शकुबाई त्याच्यापुढं दोन ओळींवर बसली होती, आणि कवडू त्याच्या बाजूला.

पहिलीच्या पोरांनी गाणं म्हटलं. एक पोरगं गाण्याच्या मध्येच स्टेजवरून उतरलं आणि आईच्या मांडीवर जाऊन बसलं. दुसरीच्या मुलांनी कवायत केली. लिंबू-चमचा, पोत्यात पाय घालून धावणं, सुईत दोरा ओवणं, ह्या सगळ्या शर्यती आदल्या आठवड्यात झाल्या होत्या, त्यांची बक्षिसं वाटली. मग चौथी. चौथी म्हणजे शाळेतून बाहेर पडणारी मुलं. त्यांना प्रत्येकाला एक मेणबत्ती पेटवून हातात दिली. वारा होता, मुलं हाताचा आडोसा करून उभी होती.

"पहला नंबर, रुक्मा बलीराम," सिस्टर फिलोमिनांनी पुकारलं. त्या केरळच्या, शाळेच्या मोठ्या सिस्टर, हिंदी बोलताना प्रत्येक शब्द वेगळा ठेवायच्या. "और हाज़िरी का इनाम भी. साल में सिर्फ़ तीन दिन नहीं आई. वो तीन दिन हम सब जानते हैं."

रुक्मा पुढं आली. वेणी तिनं स्वतः घातली होती, एक बाजू सैल. टाळ्या वाजल्या.

मग सिस्टर म्हणाल्या, "और एक ख़ुशी की बात. जुलाई से रुक्मा रायपुर में हमारे हॉस्टल में रहकर पढ़ेगी. उसकी माँ का यही सपना था."

पुन्हा टाळ्या. शकुबाईनं वाजवल्या. कवडूनं वाजवल्या. पहिलीच्या पोरांनी तर उभं राहून वाजवल्या. बळीरामनं आजूबाजूला पाहिलं. कोणाच्याच चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"कवडू," तो म्हणाला, "हे काय म्हणून राहिली सिस्टर?"

कवडू टाळ्या वाजवायचा थांबला. "घरी बोलू."

"घरी कावून? तुले माहीत होतं?"

"बळीराम, लोकं पाहून राहिले."

"पाहू दे."

तो उठला आणि सरळ ऑफिसात जाऊन बसला. कार्यक्रम संपल्यावर सिस्टर आल्या. त्यांना वाटलं, हा आभार मानायला आलाय. त्यांनी कपाटातून फॉर्म काढला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"सब तैयार है, बलीराम भाई. आपने तो नवंबर में ही साइन कर दिया था."

फॉर्मच्या खाली त्याचं नाव होतं. वाचता येत नसलं तरी ते नाव तो ओळखत होता. मंडळाच्या वहीत दर वर्षी आपल्या अंगठ्याशेजारी त्यानं ते पाहिलं होतं. पण हे कवडूचं अक्षर नव्हतं. अक्षरं मोठी, गोल, पहिलीतल्या पोरासारखी, एकमेकांना धरून चाललेली. सिस्टरांनी रुक्माची प्रगतिपुस्तकंही काढली, चारही वर्षांची. प्रत्येकात पालकाच्या सहीच्या जागी तेच गोल नाव. दुसरीपासून. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात ती जागा कोरी होती.

म्हणजे पहिलीच्या वर्गात पंचफुला पोरांना कडेवर घेऊन फिरायची, तेव्हा ती फळ्याकडे बघून लिहायला शिकत होती तर.

"आप का ही साइन है न?" सिस्टरांनी सहज विचारलं.

बळीरामच्या तोंडात 'नाही' आलं होतं. एवढा एक शब्द बोलला असता तर फॉर्म रद्द, पोरगी घरी. पण मग पंचफुला खोटारडी ठरली असती. तीन महिन्यांपूर्वी मेलेली, ह्याच शाळेत घंटा वाजवणारी बाई.

"हां," तो म्हणाला. "मेरा ही है."

मग त्यानं विचारलं, "नवंबर में ही क्यों?"

सिस्टरांनी प्रगतिपुस्तकं मिटून एकावर एक ठेवली. "डॉक्टर ने दिवाली के बाद बता दिया था. गाँठ थी. हम ने कहा, पति को बोलो. उसने हम से कसम ली. बोली, मेरा आदमी ऊपर चढ़ता है. ऊपर चढ़ने वाले को नहीं बोलते."

हा नियम बळीरामनंच तिला सांगितला होता. लग्नानंतर पहिल्या वर्षी, मोठ्या फुशारकीनं.

निघताना सिस्टरांनी दुसरा एक कागद त्याच्या हातात दिला. "एक जुलाई को आप को साथ जाना है. वहाँ मदर के सामने इस पर साइन करना है. जैसा यहाँ है, वैसा ही."

घरी आला तेव्हा रुक्मा बक्षिसाचा डबा पुसत होती. डब्यावर पहिला नंबर म्हणून लाल फीत होती. ती बापाकडे बघून उभी राहिली.

"तुले आईचं माहीत होतं?"

तिनं मान हलवली. हो म्हणून.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. मले अन् शकुबाईले. आईनं शपथ घातली होती, बा. तुमी वरून पडसाल म्हणे."

"अन् हॉस्टेल?"

"ते पण." मग हळूच म्हणाली, "मी नाई म्हटलं होतं. आई म्हणे, तू गेली नाई तर तुया बा तुले चुलीपाशी बसवन. वाईट माणूस नाई तो, पण बसवन."

बळीरामनं हात उचलला नाही. तो बाहेर येऊन बसला. दहा वर्षांची पोर दिवाळीपासून त्याच्यासोबत एका ताटात जेवत होती, आईला ओवा चावताना बघत होती, आणि गप्प होती. त्याला पंचफुलाचा राग आला, असा की ती गेल्याचं दुःखही मागं पडलं. ती रात्री त्याच्या बाजूला निजायची. तिला ठाऊक होतं. सकाळी डबा बांधून द्यायची, तेव्हाही ठाऊक होतं. त्याला दोन महिने मिळाले असते. गावी नेलं असतं तिला, तिच्या आईकडे. निदान पाणी भरू दिलं नसतं. ते दोन महिने तिनं शकुबाईला दिले, सिस्टरला दिले, लेकीला दिले. नवऱ्याला ओव्याचा वास दिला.

संध्याकाळी कवडू आला. बळीरामनं त्याला बस म्हटलं नाही. तो आपणहून बसला.

"शिव्या देऊन घे," कवडू म्हणाला. "एकदाच दे."

"तूही दिवाळीपासून?"

"नाई. मले तिनं डिसेंबरात सांगितलं. हॉस्टेलासाठी. म्हणे, भाऊजी, मागून ह्यायले समजवजा."

"मग समजावलं कावून नाई?"

"समजावतो उद्या, समजावतो उद्या, करत राहिलो. तू रोज वर चढून राहिला होता ना बाप्पा."

"जानेवारीपासून मी किती वेळा खाली उतरलो, कवडू? शंभर वेळा उतरलो असन. पाणी पिलो. भात खाल्ला तुया घरी."

कवडूनं तंबाखू काढली, चोळली, आणि न खाता टाकून दिली.

"एक गोष्ट ऐक," बळीराम म्हणाला. "आजपासून काई झालं तर मले वरतीच सांगायचं. भैयालालले पण सांगून ठेव. खालून वरडून सांगायचं."

"अन् पडला तर?"

"पडलो तर पडलो. पण सगळ्यायच्या आधी मले समजन."

दुसऱ्या दिवशी कवडूनं भैयालालला सांगितलं. भैयालालनं वेडा झालास का म्हणून हाकलून दिलं. नियम तसाच राहिला.

मे गेला. शाळा बंद होती. घंटेचा रुळ उन्हात नुसता टांगलेला होता. बळीराम कामावर जाताना त्या रस्त्यानं जायचा नाही, लांबून जायचा. घरी रुक्मा भात शिजवायची, भांडी घासायची, आणि दुपारी डब्यावरची लाल फीत काढून पुन्हा बांधायची. दोघं बोलायचे, पण कामापुरतं. एकदा तिनं पाटी काढली, वरच्या ओळीत त्याचं नाव लिहिलं, अगदी आईसारखं गोल, आणि पाटी त्याच्या उशाशी ठेवून झोपायला गेली. ह्या वेळी त्यानं ती चुलीमागं टाकली नाही. भिंतीला टेकवून ठेवली.

त्याला सगळं कळत होतं. अंगठा उठवला तर आधीची सही खोटी ठरणार, पंचफुलाचं नाव जाणार आणि हॉस्टेलातली जागाही. गेलाच नाही तर रुक्मा इथंच राहणार, चुलीपाशी, पंचफुला म्हणाली होती तशी. आणि सही शिकला तर ती शिकलेली पहिली सही पोरीला घराबाहेर पाठवायची. बायकोनं त्याला असं बांधून ठेवलं होतं, आणि भांडायला ती घरात नव्हती.

आज जूनची अठ्ठावीस तारीख आहे. रुक्माची पेटी भरून दाराशी ठेवलेली आहे, कागद पेटीवर आहे, पाटी भिंतीशी आहे. पाटीवरच्या नावाखाली बळीरामनं अजून एकही अक्षर गिरवलेलं नाही.