ओडेटने निवडलेला किनारा

ओडेट लंडनहून आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "मकुमे, जॅनेलचं लग्न इथंच करायचं. समुद्राकाठी, एखाद्या चांगल्या रिसॉर्टमध्ये. तू दाखव, आपण निवडू. या बेटावरची रिसॉर्टं तुझ्याएवढी कुणी पाहिलीत?"

असं कुणी म्हटलं की माझी मान आपोआप ताठ होते. विमानतळावरून पाहुणे उचलायचे आणि रिसॉर्टांत नेऊन सोडायचे, यातच माझा जन्म गेला. कुठल्या किनाऱ्यावर दुपारी सावली नसते, कुठल्या स्वयंपाकघरातला मासा कालचा असतो, कुठला दरवान गावच्या माणसाला कुत्र्यासारखं हाकलतो, सगळं मला तोंडपाठ. ठरलेली भाडी मी दुसऱ्यांना देऊन टाकली आणि मिनीबस धुऊन पुसून लख्ख केली.

ओडेट माझी मकुमे. जॅनेलला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांवर घेतलं, म्हणून मी तिची नेनेन, म्हणजे धर्माची आई, आणि त्या दिवसापासून तिची आई नि मी एकमेकींच्या मकुमे. सख्ख्या बहिणी भांडतात. मकुमे भांडत नाहीत आणि एकमेकींशी खोटं बोलत नाहीत. आमच्या लाबोरी गावात चोरसुद्धा आपल्या मकुमेच्या कोंबडीला हात लावत नाही.

जॅनेल चार वर्षांची असताना ओडेट इंग्लंडला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली आणि पोर माझ्याकडे राहिली. तिच्या वेण्या मी घातल्या, उवा मी मारल्या, ताप आला की रात्रभर कपाळावर ओली पट्टी मी ठेवली. मला स्वतःचं मूल नाही. पोर तेरा वर्षांची झाली तेव्हा ओडेटनं तिला बोलावून घेतलं. त्यात काही चूक नव्हती, लेक आईचीच असते. माझी इच्छा एवढीच होती, की लग्नात ती चालत येईल तेव्हा तिच्या एका बाजूला ओडेट असावी आणि एका बाजूला मी. त्यासाठी निळं कापड आणून शिवायलाही टाकलं होतं.

पहिल्यांदा मी तिला उत्तरेकडे नेलं. तिथली वाळू मैद्यासारखी, पाणी तळ्यासारखं शांत, बदामाच्या झाडांची दाट सावली. नवरीच्या झग्याला चिखल लागायची भीती नाही, म्हाताऱ्यांना चढउतार नाही. ओडेट बघतच राहिली. म्हणाली, "मकुमे, हा तर स्वर्ग आहे गं!"

तेवढ्यात बारमागून मला आरोळी आली, "टांटी सेलेस!" मला टांटी, म्हणजे मावशी, म्हणणारा आमच्या लाबोरीचा हेन्सन, पांढऱ्या कोटात, दात काढून हसत. "पाहुणी कोण आणलीस? अगंबाई, जॅनेलची आई का ही? आमची जॅनेल कशी आहे? तुझ्या हातचे तळलेले अक्रा, ते माशाचे वडे, चोरून मला आणून द्यायची बघ शाळेत!"

मी हसले. ओडेट हसली नाही. जेवण आलं तर तिनं चमचाही उचलला नाही. बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "वाळू जरा भरड आहे, नाही?"

"भरड? पोळ्या लाटशील त्या वाळूच्या!"

"आणि फार गजबज आहे. दुसरं दाखव."

म्हटलं, असेल. लंडनला राहून माणूस चोखंदळ होतं. दुसऱ्या दिवशी तिला सूफ्रिएरकडे नेलं, दोन डोंगरांच्या मधल्या रिसॉर्टमध्ये. तिथं फोटो काढायला जगातून माणसं येतात. फुलांची कमान कुठं उभारायची, पाद्री कुठं उभा राहील, सगळं तिथल्या बाईनं समजावलं. ओडेट मान डोलवत होती. मग चादरींची गाडी ढकलत एक बाई आली आणि थबकली. ती निघाली आमच्या चर्चमधली युजिनी. "सेलेस! लग्न जॅनेलचं? देवा, तुझ्या पोरीचं लग्न!"

"तुझ्या पोरीचं" हे ती मला म्हणाली होती. मला भरून आलं, तिला मिठी मारली. वळून बघते तर ओडेट तरातरा बसकडे निघालेली.

"पायऱ्या फार आहेत," ती म्हणाली.

"चारच तर आहेत!"

"ह्यूगोच्या आजीचे गुडघे दुखतात. तुला काय माहीत त्या लोकांचं?"

ह्यूगो म्हणजे होणारा नवरा. त्या लोकांचं मला खरंच काही माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. पण मकुमेशी वाद घालायचा नाही, म्हणून गप्प बसले. मनात मात्र म्हटलं, ही बया नाकानं कांदे सोलायला लागली.

आणखी दोन रिसॉर्टं झाली, आणखी दोनदा नाक मुरडून झालं. एकात माळी आमच्या गावचा होता, एकात स्वागताला बसलेली मुलगी माझ्या मामेबहिणीची. मला ते तेव्हा खटकलं नाही. लाबोरीची अर्धी माणसं रिसॉर्टांतच राबतात, खटकायचं काय त्यात?

मग ओडेट स्वतःच म्हणाली, "पूर्वेकडे एक नवीन झालंय म्हणे."

"तिथं? अगं, ती बाजू खुल्या समुद्राची. वारा झगे उडवील आणि शेवाळ तर विचारूच नकोस."

"बघायला काय जातंय?"

गेलो. बसचं दार उघडलं तोच सडक्या अंड्यांचा वास आला. किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचा ढीग गुडघाभर, त्यावर माश्या घोंघावतायत, आणि लाटा अशा की नवरी पाण्याजवळ गेली तर नवऱ्याला पोहत जाऊन आणावी लागेल. मी नाकाला रुमाल लावला. ओडेटनं लावला नाही. ती फिरत होती आणि प्रत्येकाला विचारत होती, "तुम्ही कुठले?" वेटर फिलिपिन्सचा. स्वयंपाकी डॉमिनिकाचा. व्यवस्थापक डच. खोल्या झाडणाऱ्या बायकाही कंपनीनं दुसऱ्या बेटावरून आणलेल्या. एकेक उत्तर मिळेल तसा ओडेटचा चेहरा उजळत होता. शेवटी ती व्यवस्थापकाला म्हणाली, "ठरलं. इथंच करू."

बस रस्त्याला लागली आणि मी बोलले. मकुमे असो नाहीतर पोप, मला राहवेना. "ओडेट, त्या स्वर्गाला भरड म्हणालीस आणि या उकिरड्यावर पोरीचं लग्न लावतेस? तू किनारे नाही बघितलेस. तू माणसं बघितलीस. आपल्याला ओळखणारं कुणी नाही अशी जागा शोधत होतीस."

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं.

"कशासाठी? बोल!"

"तिकडच्या लोकांना आपल्यासारखं कळत नाही, सेलेस," ती हळूच म्हणाली. "आई पोटासाठी लेकराला सोडून जाते, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. ह्यूगोची आई एकदा जेवताना म्हणाली, 'कुठली आई असं करते?' दुसऱ्याच कुणाबद्दल म्हणाली, पण मला ते माझ्याबद्दलच वाटलं. मग त्यांना सांगितलं गेलं की जॅनेलला इथं मीच वाढवलं, एकटीनं. आणि मग आम्ही दोघी मिळूनच लंडनला गेलो. आता त्या लोकांना लग्न इथल्याच समुद्राकाठी हवंय."

"आणि मी? मी कुठं गेले त्या गोष्टीत?"

"तू... नाहीसच."

म्हणजे लग्नाला मी नव्हतेच. ज्या बाईला मी दारोदार फिरवून दाखवत होते, ती मलाच वगळायला जागा शोधत होती, आणि ती जागा शोधायला बस माझी, डिझेल माझं, बेटाची माहिती माझी. याला म्हणतात केसानं गळा कापणं.

"जॅनेलला हे ठाऊक नसणार," मी म्हणाले. "माझी पोर असं करायची नाही. तूच तिच्या तोंडात घातलंस."

ओडेट रडायला लागली. "सांगितलं कुणी, विचार. त्या टेबलावर मी गप्प होते. मला वाचवायला ती बोलली. आधी ती बोलली, सेलेस."

"खोटं."

"मकुमेशी मी..."

"खोटं! लाव फोन. मोठ्यानं ऐकू येईल असा लाव. आणि मी इथं आहे हे सांगायचं नाही."

मी बस कडेला घेतली. तिनं लावला. जॅनेलचा आवाज आला, तोच बारीक, घाईघाईचा, वेणी लवकर घाल म्हणून नाचणारा. "मम्मी! मिळाली का जागा? तिथं लाबोरीचं कुणी नाही ना? नीट विचारलंस ना? आणि नेनेनला सांग, बेटावरचा बेत रद्द झाला, लग्न रजिस्टर पद्धतीनं लंडनलाच उरकणार आहे म्हणून. तिला वाईट वाटेल, पण मग मी तिला छान काहीतरी पाठवीन."

मला वाटलं होतं माझा राग उफाळेल. पण माझ्या तोंडून राग आलाच नाही. शाळेतून उशिरा आली की दारातून हाक मारायचे, तशीच हाक आली. "जॅनेल, बाळा, मी आहे गं."

पलीकडे तिच्या मागून एका पुरुषाचा हसरा आवाज आला, त्यांच्या इंग्रजीत, ह्यूगोचाच असणार. "कोण आहे गं? बेटावरचं कुणी?"

मला अजून आशा होती, हे सांगताना लाज वाटते. तेवढ्यात, त्या एका क्षणात, मी तिच्यासाठी किती तरी उत्तरं शोधून ठेवली. मावशी म्हण. शेजारीण म्हण. नुसतं सेलेस म्हण.

"कुणी नाही," जॅनेल म्हणाली. "मम्मीची ड्रायव्हर आहे."

फोन बंद झाला.

ओडेटनं माझ्या दंडावर हात ठेवला. मी तो उचलून तिच्या मांडीवर परत ठेवला. मग माझ्या बाजूचं दार उघडून खाली उतरले, बसला वळसा घालून गेले आणि तिच्या बाजूचं दार उघडून धरलं, पाहुण्यांसाठी धरते तसं.

"इथं?" ती घाबरून म्हणाली. "या आडरानात मला उतरवतेस?"

"उतरा आणि मागं बसा. ड्रायव्हरच्या शेजारी घरची माणसं बसतात."

ती उतरली आणि मागं जाऊन बसली. तिची बॅग माझ्या घरी होती, जॅनेलच्या जुन्या खाटेवर. मी इंजिन चालू केलं आणि आरशात न बघता विचारलं, "कुठल्या हॉटेलात सोडू, मॅडम?"