अधिकाराबाहेरचं काम

किशोरी नाखवा वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला निघाली, तेव्हा उरणच्या बाजारात तिच्या आईने मासळीच्या पाटीसोबत ही बातमीही मांडून ठेवली. "माजी किशोरी आता डाक्टरच्या खालोखाल व्हनार हाय," गुणाबाई गिऱ्हाइकाला सांगायची. समोरच्याने नुसती मान हलवली तर तिला चालत नसे, तो "अरे वा!" म्हणेपर्यंत ती मासा कापायला घेत नसे.

बातमी काही खोटी नव्हती. पनवेलच्या एका खाजगी हॉस्पिटलात किशोरीने पंधरा वर्षं आयसीयूत काढली होती. पेशंटचा रंग पाहून त्याची रात्र कशी जाणार हे ती मॉनिटरच्या आधी सांगायची. २०१७ साली हॉस्पिटलचे संचालक डॉ. भोईर यांनी स्वतःहून तिला केबिनमध्ये बोलावलं. नर्स प्रॅक्टिशनर म्हणून दोन वर्षांचा नवा अभ्यासक्रम निघाला होता. अत्यवस्थ पेशंट स्वतः तपासायचा, रिपोर्ट वाचून निर्णय घ्यायचा, ठरवून दिलेल्या चौकटीत औषधही सुरू करायचं, असं ते शिक्षण होतं.

"परत आलात की तुमच्यासाठी वेगळं पद असेल," डॉ. भोईर म्हणाले. "तुमच्यासारखी अनुभवी सिस्टर आम्हाला दुसरी मिळायची नाही."

मुलगी तेव्हा आठवीत होती. नवरा महादेव बंदरात क्रेनवर होता. त्याने डबे भरले, तो मुलीच्या वेण्या घालायला शिकला, पण एकदाही कुरकुरला नाही. किशोरी दुसऱ्या शहरात विशी-बाविशीच्या मुलींबरोबर हॉस्टेलवर राहिली, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला आणि वर्गात दुसरी आली.

परतल्यावर दोन महिने थाटात गेले. हॉस्पिटलच्या दारातल्या फलकावर तिचा फोटो लागला. मानांकनाची तपासणी करायला बाहेरून मंडळी आली, तेव्हा तिला नाव शिवलेला पांढरा कोट घालून त्यांच्यासमोर उभं केलं. ती मंडळी गेली आणि दुसऱ्याच दिवशी मेट्रन म्हणाली, "किशोरी, कोट आता नको घालूस गं. नातेवाईकांचा गोंधळ होतो."

ड्यूटीच्या तक्त्यात तिचं नाव जुन्याच जागी होतं. चार ते सहा नंबरचे बेड, तीन शिफ्ट. ती डॉ. भोईरांकडे गेली. ते म्हणाले, "सरकारकडून स्पष्ट काही आलेलं नाही. थोडं थांबा. काम तर तुम्ही करताच आहात ना?"

ती थांबली. काम तर ती करतच होती.

सप्टेंबरमध्ये कळंबोलीच्या लोखंड बाजारातला एक माथाडी कामगार पोटाच्या ऑपरेशननंतर आयसीयूत आला. दुपारी चारच्या सुमारास त्याचे हातपाय गार पडायला लागले, प्रेशर उतरू लागलं. सलाइन भराभर देऊनही फरक पडेना. त्याचे सर्जन दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. ड्यूटीवरचा डॉक्टर होमिओपॅथीची पदवी घेऊन नुकताच लागलेला. तो फाइलची पानं उलटसुलट करत उभा होता.

"डॉक्टर, प्रेशर वाढवायचं औषध सुरू करायला हवं. आत्ता," किशोरी म्हणाली.

"सरांना विचारू या ना."

"सरांचे हात पोटात आहेत."

तिने औषध सुरू केलं. डोस मोजला, वेळ लिहिली, खाली स्वतःची सही केली. पाऊण तासाने सर्जन आले तेव्हा पेशंट बायकोशी बोलत होता. त्यांनी चार्ट वाचला, सही पाहिली आणि ते चार्ट जागेवर ठेवून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी मेमो आला. 'अधिकाराबाहेर जाऊन औषधोपचार केल्याबद्दल' खुलासा मागितला होता. डॉ. भोईरांनी तिला बसायलाही सांगितलं नाही.

"पेशंट वाचला, मान्य आहे. पण गेला असता तर? कोर्टात मी काय दाखवलं असतं? सर्जन चिडलेत. म्हणतात, आता सिस्टर औषधं ठरवणार असतील तर मी कशाला येऊ?"

"सर, हेच शिकायला तुम्ही मला पाठवलंत."

"शिकण्याबद्दल कोणाची तक्रार नाही," ते म्हणाले.

किशोरीला वाटलं, मेमो टेबलावर ठेवावा आणि चालू पडावं. पण त्या दोन वर्षांच्या बदल्यात तिने पाच वर्षं इथेच काम करण्याचा करार लिहून दिला होता, आणि या पदवीचं पद आसपासच्या कुठल्याच हॉस्पिटलात नव्हतं, हे तिने विचारून पाहिलं होतं. तिने माफीचं पत्र लिहिलं. 'यापुढे वरिष्ठांच्या आदेशाशिवाय असे होणार नाही.' मेट्रनने ते वाचून 'असे कदापि होणार नाही' असं करून घेतलं.

आयसीयूत समृद्धी नावाची एक पोरगी होती. नोकरीला लागून चार वर्षं झाली होती तिला. किशोरीच्या मागे वही घेऊन फिरायची. मस्कतच्या एका हॉस्पिटलातून तिला बोलावणं आलं होतं आणि त्याच आठवड्यात किशोरीने केला तोच कोर्स करायचा तिचा विचार चालला होता.

"ताई, तुम्ही सांगाल ते करीन," ती म्हणाली होती.

"शीक," किशोरीने सांगितलं होतं. हे मेमोच्या आधीचं. मेमोनंतर समृद्धीने पुन्हा विचारलं, तेव्हाही किशोरी म्हणाली, "वाईट दिवस आहेत, जातील." समृद्धीने मस्कतवाल्यांना नकार कळवायचं ठरवलं, फक्त कळवायचं राहून गेलं होतं.

नोव्हेंबरात गुणाबाईचा फोन आला. बाजारात तिच्या शेजारी बसणारी रंभा आजारी होती. शिंगाळा माशाचा काटा तळहातात घुसला, तिने हळद भरून तसाच धंदा केला. आता हात कोपरापर्यंत सुजला होता आणि ती तापाने बरळत होती. रंभाला साखरेचा आजार होता.

"तिचे पोरगे दुसरीकडं न्यायला निघालेले. मीच बोलले, माजी पोरगी हाय पनवेलला, तिच्याकडंच न्या."

सकाळी रंभा आली तेव्हा किशोरी ड्यूटीवरच होती. तिने हात पाहिला, बोटाच्या नखावर दाब देऊन सोडला आणि रंग परत यायला लागणारा वेळ मनात मोजला. रंभाने तिला ओळखलं. "किशू, तू हायस ना? मंग मला भ्याव नाय," ती म्हणाली.

लगेच अँटिबायोटिक सुरू झालं. अकराच्या सुमारास प्रेशर उतरायला लागलं. सलाइन देऊन झालं. तेच चित्र होतं. त्या दिवशी ज्यांच्या नावावर पेशंट होता ते डॉक्टर पुण्याहून गाडीने येत होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. ड्यूटी डॉक्टरही तोच होता.

"डॉक्टर, औषध सुरू करायला हवं. तुम्ही लिहा, मी लावते."

"सरांना विचारल्याशिवाय मी नाही लिहिणार, सिस्टर. मागच्या वेळी मलाही बोलणी बसली."

किशोरीने औषध भरून ठेवलं. सिरिंज पंपावर चढवली, नळी जोडली. आता फक्त एक बटण दाबायचं होतं. समृद्धी पलीकडे उभी राहून तिच्याकडे पाहत होती. किशोरीने बटण दाबलं नाही. तिने फोन लावला. चार्टवर लिहिलं, अकरा वीस, सरांना फोन, उत्तर नाही. मग अकरा अठ्ठावीस. मग अकरा चाळीस. दुसऱ्या दोन डॉक्टरांना लावला, एक म्हणाले, "माझा पेशंट नाही, मी कसं सांगू?" डॉ. भोईर मीटिंगमध्ये होते. रंभाचे ओठ निळसर होत होते आणि किशोरी तिच्या कपाळावर हात ठेवून वेळा लिहीत होती. अक्षर सुरेख आलं होतं.

बारा वाजून पाच मिनिटांनी फोन लागला. डॉक्टर म्हणाले, "अहो, मग सुरू करा ना! वाट कसली बघताय?"

रंभा दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. डॉक्टरांनी मुलांना समजावलं की साखर फार वाढली होती, विष रक्तात भिनलं होतं, आणायला उशीर झाला. त्यातलं काही खोटं नव्हतं. ती पंचेचाळीस मिनिटं मिळाली असती तर रंभा वाचली असती का, हे कोणीच सांगू शकलं नसतं. किशोरीलाही सांगता आलं नसतं. यावेळी मेमो आला नाही. उलट मेट्रनने तिच्या नोंदी इतर सिस्टरांना दाखवल्या, डॉक्युमेंटेशन कसं असावं म्हणून.

रंभाच्या दिवसकार्याला किशोरी उरणला गेली. रंभाच्या घरून परतताना गुणाबाईने वाटेतच विचारलं, "तू व्हतीस ना तिच्याजवल?"

"होते."

"मंग काय झाला गो?"

उशीर झाला होता म्हटलं असतं तर आईचं समाधान झालं असतं. किशोरीने खरं सांगितलं. औषध कसं भरलं होतं, बटण कसं दाबलं नाही, सगळं. गुणाबाई रस्त्याच्या कडेला थांबली.

"तुला ठावं व्हता. हातात व्हता. आनि तू फोन करत बसलीस?"

"लिहून घेतलंय त्यांनी माझ्याकडून, आये."

"रंभाकडून कोनी लिवून घेतला व्हता काय?" एवढं बोलून गुणाबाई पुढे चालू लागली.  नंतर रंभाच्या मुलांना तिने काय सांगितलं, की काहीच नाही, ते किशोरीने कधी विचारलं नाही.

आठवड्याने समृद्धी चेंजिंग रूममध्ये तिच्याजवळ येऊन बसली.

"ताई, मी मस्कतला होकार कळवला."

"बरं केलंस. मीच सांगणार होते. माझा सल्ला चुकला."

"सल्ला नाही चुकला," समृद्धी म्हणाली.  "मी शिकले असते. मेमो आला असता तरी चाललं असतं. पण त्या दिवशी तुम्ही बटण दाबलं नाही ना, तेव्हा मला कळलं की चार वर्षांनी मीही दाबणार नाही. ते मला नको आहे."

किशोरीने तिच्याकडे पाहिलं. रागवायचं म्हटलं तर रागवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"तिथेही डॉक्टरला विचारूनच करावं लागेल," ती म्हणाली.

"हो. पण तिथे मला कोणी डॉक्टरच्या खालोखाल केलेलं नसेल."

समृद्धी जानेवारीत गेली. तिच्या जागी नवी मुलगी आली, तिलाही चार ते सहा नंबरचे बेड मिळाले. किशोरी तिला शिकवते. पेशंटची नखं कशी दाबून पाहायची, प्रेशर उतरण्याआधी चेहरा कसा बदलतो, सगळं हातचं न राखता. एकदा त्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुमचा तो कोर्स मी करू का?"

किशोरी म्हणाली, "सहा नंबरचं सलाइन संपत आलंय, बघ."